पिंजऱ्यातला ससा कुठे सोडायचा?

जूनच्या सुरुवातीला घेवड्याची रोपं वीतभर होतात, मेथीचा वाफा दाट दिसायला लागतो, आणि एका सकाळी त्यातली अर्धी रोपं जमिनीपासून दोन इंचांवर छाटलेली सापडतात. न्यू जर्सीपासून शिकागोपर्यंत, घरामागे चार वाफे करणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. मग बेत ठरतो: दुकानातून तारेचा पिंजरा आणायचा, आत गाजर ठेवायचं, ससा सापडला की पिंजरा गाडीत घालायचा आणि दहा मैलांवरच्या रानात त्याला सोडून यायचं. मारण्याचा विचार कुणाच्या मनात नसतो. उलट एक जीव वाचवून भाजीही वाचवली, असं समाधान असतं.

दूर नेऊन सोडलेल्या सशाचं पुढे काय होतं, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. जे पाहिलं गेलं आहे ते वाचल्यावर माझं मत असं झालं की पिंजरा लावण्याची वेळ फार क्वचित यावी, आणि आलीच तर ससा त्याच आवारात सुटावा.

आधी खाणारा ससाच आहे ना, याची खात्री करायला हवी. सशाला वरच्या आणि खालच्या दोन्ही जबड्यांत धारदार पटाशीचे दात असतात, त्यामुळे त्याने खाल्लेल्या देठाचं टोक तिरकं आणि स्वच्छ कापलेलं दिसतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतं, म्हणून देठाला धागे लोंबतात. दोन फुटांच्या वरचा पाला गेला असेल तर ससा निर्दोष समजावा. आजूबाजूला वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतील तर मात्र शंका उरत नाही. डेकखाली किंवा शेडखाली मोठं बीळ आणि तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला, तर तो बहुधा ग्राउंडहॉग. त्याचं प्रकरण वेगळं आहे.

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात परसात येणारा हा प्राणी म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल. वजन साधारण एक ते दीड किलो, अंग तपकिरी, शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र. तो स्वतः बीळ खणत नाही. बीळ खणून वसाहतीने राहणारा ससा युरोपातला, आणि आपण घरी पाळतो ते पांढरे, लाल डोळ्यांचे ससे त्याच्याच वंशातले. महाराष्ट्रात माळावर पायाखालून उसळून पळतो तो काळ्या मानेचा ससा आणखी निराळा. तोही उघड्यावरच राहतो, पण त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. कॉटनटेलची पिल्लं जन्मतात ती उघडीबोडकी आणि आंधळी.

म्हणूनच कॉटनटेलच्या मादीला घरटं लागतं. जमिनीत तळहाताएवढा उथळ खळगा करून ती त्यात सुकं गवत आणि स्वतःच्या अंगावरचे केस पसरते, आणि वरूनही तेच पांघरूण घालते. हा खळगा बऱ्याचदा अगदी लॉनच्या मधोमध असतो. सुमारे २८ दिवसांच्या गर्भारपणानंतर तीन ते सात-आठ पिल्लं होतात. आई पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दिवसभर ती घरट्याकडे फिरकत नाही, कारण तिच्या येण्याजाण्यावरूनच कोल्ह्याला किंवा मांजराला जागेचा सुगावा लागेल. पिल्लांचे डोळे आठवड्याभरात उघडतात, आणि दोन-अडीच आठवड्यांत ती घरट्याबाहेर पडतात. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत एकाच मादीची तीन-चार वेळा, कधी त्याहून जास्त वेळा वीण होते. जन्मणाऱ्यांपैकी बहुतेक ससे वर्षभरही जगत नाहीत. बाज, घुबडं, कोल्हे, कोयोटी आणि पाळीव मांजरं या सगळ्यांचं पोट त्यांच्यावर चालतं.

असा प्राणी तगतो कशावर? जागेच्या ओळखीवर. कॉटनटेलचं सगळं आयुष्य थोड्या एकरांत जातं, मादीचं तर नरापेक्षाही कमी जागेत. कुठल्या झुडपाखाली शिरता येतं, कुंपणाखालची फट कुठे आहे, कुठे उघड्यावर किती पावलं धावावं लागतं, हे सगळं त्याला पाठ असतं. त्याला उचलून अनोळखी रानात सोडलं की ही सगळी शिदोरी एका क्षणात जाते. तिथे आधीच राहणारे ससे असतात, आडोशाच्या चांगल्या जागा त्यांनी धरलेल्या असतात, आणि हा नवखा आडोसा शोधत दिवसाउजेडी भटकतो. पकडल्यामुळे आणि प्रवासामुळे बसलेला धक्का वेगळाच. जीवघेण्या भीतीने आणि धडपडीने रानटी प्राण्यांचे स्नायू आतून खराब होऊ लागतात आणि सोडल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी ते मरू शकतात. सोडताना टुणकन उडी मारून पळाला म्हणजे तो बरा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सशांचा नाही, पण परसातल्याच दुसऱ्या पाहुण्याचा एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. मेरीलँडमध्ये संशोधकांनी उपनगरातल्या ३८ करड्या खारी पकडल्या, त्यांना रेडिओ कॉलर लावले आणि एका मोठ्या जंगलात सोडलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ८८ दिवसांत त्यातल्या ९७ टक्के खारी एक तर मेल्या किंवा त्या जागेवरून नाहीशा झाल्या. खारीला चढायला झाड तरी असतं, सशाला तेही नाही.

आणि परसाचं काय? वाफे, हिरवळ आणि डेकखालचा आडोसा जागच्या जागी असतो. एक ससा गेला की शेजारच्या आवारातला दुसरा तिथे येतो. विणीच्या हंगामात ही रिकामी जागा भरायला फार दिवस लागत नाहीत.

सशांना गाडीत घालून हलवण्याचे परिणाम सशांपुरतेच राहत नाहीत, याची सर्वांत ठसठशीत गोष्ट मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरची आहे. शिकारीची हौस भागवण्यासाठी १९३०च्या दशकात तिथे आर्कान्सा आणि मिसूरीतून कॉटनटेल आणून सोडण्यात आले. त्यांच्याबरोबरच ट्युलरेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार बेटावर पोचला असं मानलं जातं. हा आजार प्रथम १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ट्युलेअर परगण्यात खारींच्या एका जातीत सापडला होता, त्या परगण्यावरूनच त्याचं नाव पडलं. सशांना तो झपाट्याने मारतो. माणसाला तो गोचिडीच्या किंवा माशीच्या चाव्यातून, आजारी किंवा मेलेला ससा उघड्या हाताने हाताळल्याने आणि कधी श्वासावाटेही होतो. १९७८ साली या बेटावरच्या एकाच घरात उतरलेल्या सात जणांना त्याचा न्यूमोनिया झाला. पुढे २००० सालच्या उन्हाळ्यात पुन्हा १५ रुग्ण आढळले, त्यातला एक दगावला. तपासात पुढे आलं की लागण झालेल्यांमध्ये लॉन कापणारे आणि झुडपं छाटणारे जास्त होते. शिकारीसाठी सोडलेल्या सशांची किंमत कित्येक वर्षांनी, गवत कापणाऱ्या माणसांनी मोजली.

दुसरं उदाहरण त्याच प्रदेशातलं. न्यू इंग्लंडमध्ये मूळचा स्वतःचा एक कॉटनटेल आहे, न्यू इंग्लंड कॉटनटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी मोठ्या संख्येने ईस्टर्न कॉटनटेल बाहेरून आणून तिथे सोडले गेले. मूळ ससा कमी होण्याचं मुख्य कारण म्हणजे त्याला लागणारी दाट झुडपांची राई वाढून तिचं उंच जंगल झालं किंवा तिथे घरं उभी राहिली. पण त्याच्या वाट्याच्या उरल्यासुरल्या जागीही हा पाहुणा वरचढ ठरला. ईस्टर्न कॉटनटेलचे डोळे किंचित मोठे असतात, शिकारी पक्षी त्याला जास्त दुरून दिसतो, म्हणून तो उघड्या मैदानात आणि लोकांच्या लॉनवरही निभावून नेतो. दोन्ही ससे दिसायला इतके सारखे आहेत की अभ्यासक हिवाळ्यात बर्फावरच्या लेंड्या गोळा करून त्यातल्या डीएनएवरून जात ठरवतात. अशा ठिकाणी परसातला ससा चांगल्या भावनेने नेऊन राईत सोडणारा माणूस नेमकं काय करतो आहे, हे त्याचं त्यालाही कळणं शक्य नाही.

त्यात २०२०च्या वसंतात आणखी एका रोगाची भर पडली. सशांच्या रक्तस्रावी आजाराच्या विषाणूचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये आढळला होता. तो न्यू मेक्सिकोतल्या रानसशांमध्ये दिसला आणि पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत पसरला. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण सशांमध्ये तो फार प्राणघातक आहे, आणि मेलेल्या सशात किंवा मातीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. वरून धडधाकट दिसणारा ससाही तो बरोबर घेऊन जाऊ शकतो.

त्यामुळे बऱ्याच राज्यांत पकडलेला वन्य प्राणी दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे किंवा त्याला परवाना लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वन्य प्राणी पकडून आवाराबाहेर नेण्याला सरळ मनाई आहे. कॅलिफोर्नियात पकडलेला प्राणी खात्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे नेता येत नाही, तो तिथल्या तिथे सोडावा लागतो किंवा वेदनारहित पद्धतीने मारावा लागतो. प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे, म्हणून पिंजरा विकत घेण्यापूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारावं. दुकानात पिंजरा सहज मिळतो, तो वापरायची मुभा त्याच्याबरोबर मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी गोष्ट अधिक स्पष्ट आहे. आपला रानससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं हे सगळं शिकारीतच मोडतं. हरभऱ्याचे कोंब खाल्ले म्हणून त्याला जिवंत पकडून दूर सोडणारा माणूसही कायद्याच्या दृष्टीने शिकारीच ठरतो. शेतात गवताच्या आडोशाला एकटं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं आहे असं समजून घरी आणू नये. सशाची आई पिल्लापासून मुद्दामच लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. आणि घरात नकोसा झालेला पांढरा ससा टेकडीवर सोडणं ही तर निव्वळ क्रूरता आहे. त्याला ना लपता येतं, ना रानातला चारा शोधता येतो.

मग पिंजऱ्याला जागा कुठे? काही प्रसंग असतात. नवं कुंपण घातलं आणि ससा आतच अडकला. डेक पाडून तिथे बांधकाम सुरू व्हायचं आहे आणि ससा खाली दडून बसला आहे. अशा वेळी आधी पिंजऱ्याविना जमतं का ते पाहावं. फाटक उघडं ठेवून तिन्हीसांजेला समोरच्या बाजूने शांतपणे चालत आलं की ससा बहुधा स्वतःच बाहेर पडतो. तळघराच्या खिडकीसमोरच्या खड्ड्यात पडलेल्या सशासाठी एक खडबडीत फळी तिरकी टेकवून ठेवली तर तो चढून वर येतो.

त्यानेही काम भागलं नाही आणि नियमात बसत असेल, तर पिंजरा असा लावावा. लांबी दोन ते अडीच फूट, तोंड आठ-दहा इंचांचं. तारेच्या पिंजऱ्यापेक्षा लाकडी पेटी बरी. आतला अंधार सशाला आडोसा वाटतो, त्यामुळे तो सहज शिरतो, आणि तारेवर नाक घासून घेत नाही. तारेचाच असेल तर तोंड सोडून बाकी सगळीकडे जाड कापड घालावं. पिंजरा उघड्या हिरवळीवर ठेवून उपयोग नाही. ससा ज्या झुडपातून रोज येतो त्याच्या कडेला, त्याच्या वाटेवर ठेवावा. आमिष म्हणून सफरचंदाच्या फोडी चालतात, पण उन्हाळ्यात चहूकडे कोवळा चारा असताना फोडीसाठी कोण आत शिरणार? आमिषाला सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो तो हिवाळ्याच्या अखेरीला, आणि तेव्हा घरट्यात पिल्लं असण्याची शक्यताही कमी असते. सफरचंदाच्या वासाने ग्राउंडहॉग किंवा ओपॉसमही आत येऊ शकतो, त्याचीही तयारी हवी.

पहिले काही दिवस दार उघडं बांधून ठेवावं, म्हणजे ससा आत येऊन खाऊन जायला सरावतो. मग संध्याकाळी दार लावायच्या तयारीत ठेवावं, रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे उजाडताच पुन्हा पाहावं. दिवसा पिंजरा बंद. सशाला उष्णता सोसत नाही, आणि उन्हातल्या पिंजऱ्यात त्याचा जीव जायला वेळ लागत नाही. घरी कुणी नसेल त्या दिवशी पिंजरा लावूच नये. सापडलेल्या सशाला हातात घेऊ नये. घाबरून मागच्या पायांनी मारलेल्या जोरदार लाथेने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. हातमोजे घालावेत, कापड झाकलेलं ठेवूनच पिंजरा उचलावा, कुंपणाबाहेरच्या पण आवारातल्याच जवळच्या झुडपाकडे तोंड करून ठेवावा, दार उघडावं आणि मागे सरावं. ससा लगेच बाहेर आला नाही तरी पिंजरा हलवू किंवा आपटू नये. नंतर हात साबणाने धुवावेत.

मार्च ते सप्टेंबरमध्ये पिंजरा लावण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. या महिन्यांत पकडलेली मादी पाजती असेल, तर तिला दूर नेणं म्हणजे लॉनमधल्या खळग्यातल्या पिल्लांना उपाशी मारणं, आणि तेही आपल्या नकळत. मादी पाजती आहे की नाही हे पिंजऱ्याबाहेरून ओळखण्याची खात्रीची सोय सामान्य माणसाकडे नाही.

गवत कापताना घरटं उघडं पडलं तर पिल्लं जागीच ठेवून गवत-केसांचं पांघरूण पुन्हा घालावं. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते ही समजूत खोटी आहे. आई येते की नाही याची शंका असेल तर घरट्यावर चार-सहा दोरे किंवा बारीक काटक्या जाळीसारख्या आडव्या-उभ्या ठेवाव्यात आणि दुसऱ्या सकाळी पाहावं. त्या विस्कटलेल्या असतील आणि पिल्लांची पोटं भरलेली दिसत असतील तर आई येऊन गेली. कुत्रा असेल तर दोन-तीन आठवडे त्याला साखळीला बांधूनच बाहेर न्यावं आणि तेवढा तुकडा न कापता सोडावा. चार-पाच इंचांचं, कान ताठ आणि डोळे उघडे असलेलं पिल्लू एकटं फिरताना दिसलं तर ते हरवलेलं नसतं. त्याचं बालपण तेवढंच असतं. जखमी असेल तर मात्र परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करावा, घरी दूध पाजू नये.

भाजी वाचवण्याचं काम खरं तर जाळी करते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी घरांची जाळी, इकडच्या दुकानात चिकन वायर म्हणून मिळते ती, एक इंचाहून मोठ्या घरांची नको. कोवळी पिल्लं त्याहून मोठ्या भोकातून सहज आत येतात. उंची दोन फूट पुरते, कारण कॉटनटेल उंच उडी मारून आत शिरण्याच्या भानगडीत पडत नाही. तो खालून फट शोधतो. म्हणून खालची सहा इंच जाळी मातीत पुरावी किंवा बाहेरच्या बाजूला काटकोनात दुमडून, जमिनीवर खुंट्यांनी पक्की बसवावी. सर्वांत जास्त गफलत होते ती फाटकाखाली. तिथे दोन बोटांची फट राहिली की वरची सगळी मेहनत वाया जाते. जाळी मार्चपूर्वी बसली तर उत्तम. नंतर बसवायची असेल तर आत घरटं नाही ना, हे वाफ्यांच्या कडेने वाकून पाहून घ्यावं.

सगळी बाग वेढणं जमत नसेल तर जाळीच्या आत काय लावायचं ते निवडावं. घेवडा, वाटाणा, लेट्यूस, कोबी-ब्रोकोलीची कोवळी रोपं आणि गाजराचा पाला आत हवा. मेथीही घेवड्या-वाटाण्याच्याच कुळातली, तिलाही आत घ्यावं. कांदा, लसूण, टोमॅटो, बटाटा, काकडी यांच्या वाटेला ससा फारसा जात नाही, ते बाहेर राहू शकतात. अंड्याच्या किंवा मिरचीच्या वासाची फवारणी पाऊस पडला की धुऊन जाते, आणि यातली बरीच औषधं खायच्या पाल्यावर मारता येत नाहीत. फुलझाडांसाठी ती ठीक आहेत, भाजीसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

लॉनमध्ये क्लोव्हर आणि डँडेलियन असतील तर ते तणनाशकाने मारू नयेत. सशाला ते फार आवडतात, आणि जाळीबाहेर पोटभर मिळत असेल तर जाळीशी तो कमी झटापट करतो. थंडीत चारा संपला की मोर्चा सफरचंदाच्या आणि इतर कोवळ्या झाडांच्या सालीकडे वळतो. खोडाभोवती पूर्ण गोलाकार साल गेली तर झाड वाचत नाही. पाव इंच घरांच्या जाळीचं नळकांडं खोडापासून एक-दोन इंच लांब ठेवून बसवावं, आणि त्याची उंची जमिनीपासून न मोजता नेहमी साचणाऱ्या बर्फाच्या वर दीड-दोन फूट धरावी, कारण जानेवारीत ससा त्या बर्फावर उभा राहून खातो.